‘मानभावी’ हा शब्द मी का सोडला



प्रायश्चित्तकाळात आमच्या पॅरिशतर्फे गरजू घरांना धान्याच्या पिशव्या देतात. गहू, तांदूळ, तूरडाळ, तेल, गूळ, चहा. पिशव्या भरायचं काम आमच्या ओटल्यावर चालतं, कारण ओटला मोठा आहे आणि टेम्पो अगदी दारापर्यंत येतो. गेल्या वर्षी राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी आम्ही पाच-सहा जणी कामाला बसलो होतो. यायचं कबूल केलेल्या एक बाई मात्र आल्या नाहीत. रविवारी मिस्सेनंतर फादरांसमोर गरिबांच्या सेवेबद्दल त्या फार गोड बोलल्या होत्या. डाळ मोजता मोजता मी म्हणाले, “अगदी मानभावी बाई आहे. बोलायला पुढे आणि कामाच्या वेळी गायब.”

शेजारच्या काकू पिशव्यांची तोंडं सुतळीने बांधत होत्या. त्या आमच्या पॅरिशच्या नाहीत, ख्रिस्तीही नाहीत, पण दरवर्षी हात लावायला येतात. गाठ मारता मारता, मान वर न करता त्या म्हणाल्या, “ते आमचं नाव आहे गं.”

मला काही उमगेना. तेव्हा त्यांनीच सांगितलं, “आम्ही महानुभाव पंथाचे. माझं माहेर अमरावतीकडचं. शाळेत मुली मला ‘मानभावी’ म्हणून चिडवायच्या. तुझा काय दोष? भाषेतच तसं आहे.” एवढं बोलून त्यांनी पुढची पिशवी ओढली.

त्यांनी मला माफ केलं होतं, पण मला रात्रभर चैन पडलं नाही. जो शब्द मी लहानपणापासून आईच्या, मावशीच्या तोंडून ऐकला आणि सहज वापरला, तो कुणाच्या तरी श्रद्धेचं नाव आहे हे पन्नाशी उलटेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. मग त्या शब्दाच्या मागे लागले. जे हाती आलं ते आज तुमच्यापुढे ठेवते.

‘महानुभाव’ म्हणजे थोर मनाचा, उदार वृत्तीचा माणूस. या नावाचा पंथ तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी उभा केला. परंपरा सांगते की स्वामी मूळचे गुजरातेतल्या भडोचचे, एका प्रधानाचे पुत्र. भडोच आमच्या वडोदऱ्याहून रेल्वेने तासाभरावर. तिथला हा माणूस रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने घराबाहेर पडला, वऱ्हाडात रिद्धपूरला गोविंदप्रभूंना भेटला आणि पुढचं आयुष्य मराठी मुलखात पायी फिरत राहिला. परमेश्वराकडे जायच्या वाटेवर त्याने जात पाहिली नाही आणि स्त्रियांनाही अडवलं नाही. त्याच्या शिष्यपरिवारात स्त्रिया होत्या, संन्यासिनी होत्या. धवळे रचणारी महदंबा, म्हणजे मराठीतली पहिली कवयित्री, याच पंथातली. अहिंसा आणि मृदू बोलणं हे त्यांच्या आचारधर्माचे मोठे भाग.

मराठी गद्यातला आद्य ग्रंथ म्हणून ज्याचा मान आहे ते ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी इ.स. १२७८ च्या सुमारास सिद्ध केलं. चक्रधरांच्या मागे पंथाचं आचार्यपद सांभाळणाऱ्या नागदेवांची एक आठवण पंथात जपलेली आहे. एका विद्वान शिष्याला संस्कृतात लिहायची हौस होती. नागदेवांनी त्याला थांबवलं. त्याने पंथातल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील, हे त्यांचं कारण. आपल्या घरात आजी मराठी बायबल मांडीवर घेऊन, अक्षरावर बोट ठेवून वाचत असे. त्या नागदेवांचं म्हणणं तिला लगेच पटलं असतं.

मग अशा लोकांच्या नावाला हा अर्थ कसा चिकटला? ‘महानुभाव’चं बोलीत ‘मानभाव’ झालं आणि ‘मानभावी’ म्हणजे वरून गोड, आतून वेगळा, असा अर्थ रुळला. पंथाने वेदांचं प्रामाण्य आणि जातीचा अधिकार मानला नाही, इतर देवतांची पूजा सोडली. साहजिकच भोवतालचा समाज बिथरला. पुढे चौदाव्या शतकापासून त्यांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. ‘सकळ लिपी’ ही त्यातली प्रसिद्ध. या पोथ्या बाहेरच्यांना वाचता येत नसत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे ते भांडार खुलं झालं. तोवरच्या शतकांत, ज्यांचं पुस्तक आपल्याला वाचता येत नाही त्यांच्या पोटात काहीतरी काळंबेरं असणार, असं लोकांनी धरून ठेवलं.

आपल्याला हे परकं वाटायला नको. पहिल्या शतकांतले ख्रिस्ती लोक पहाटे एकत्र जमत, बाप्तिस्मा न झालेल्यांना प्रभुभोजनाला बसू देत नसत. बाहेर कुजबुज सुरू झाली, की हे लोक आत माणसाचं मांस खातात. इ.स. ११२ च्या सुमारास प्लिनी या रोमन सुभेदाराने चौकशी करून सम्राट त्रायानला कळवलं, की त्यांचं जेवण साधंसुधं आणि निरुपद्रवी आहे. तरीही खटले चालूच राहिले.

आपल्याकडे एक म्हण आहे: करणी कसाबाची, बोलणी मानभावाची. मी ती शंभर वेळा वापरली असेल. त्या रात्री प्रथमच तिच्याकडे नीट पाहिलं. मानभावांचं बोलणं खरोखरच मृदू असल्याशिवाय ही म्हण जन्मालाच आली नसती. म्हणजे म्हणीने त्यांच्या गुणाची साक्ष दिली आणि त्याच गुणाची शिवी केली. प्रामाणिकपणे धंदा करणाऱ्या कसायालाही जाता जाता त्यात ओढलं.

दुसरा शब्द ‘पाखंडी’. आमच्याकडे गुजरातीत आणि हिंदीत ढोंगी माणसाला सर्रास पाखंडी म्हणतात. मराठीत तो नास्तिकाला, धर्म बुडवणाऱ्यालाही लावतात, आणि चर्चच्या इतिहासाच्या मराठी पुस्तकांत चुकीच्या शिकवणीला ‘पाखंड मत’ म्हटलेलं आपण वाचतो. काही वर्षांपूर्वी जुनागढला गेले असताना गिरनारच्या पायथ्याशी ती प्रचंड शिळा पाहिली होती, जिच्यावर सम्राट अशोकाच्या चौदा आज्ञा कोरल्या आहेत. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातलं हे काम. ती अक्षरं कुणालाच वाचता येईनाशी झाली होती. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली आणि शिळा पुन्हा बोलू लागली.

त्यातल्या बाराव्या आज्ञेत हाच शब्द त्याच्या जुन्या रूपात आहे, ‘पासंड’. तिथे त्याचा अर्थ फक्त ‘पंथ’ एवढाच. राजा म्हणतो की मी सर्व पासंडांचा मान राखतो. जो स्वतःच्या पंथाच्या अभिमानापायी दुसऱ्याच्या पंथाची निंदा करतो, तो खरं तर आपल्याच पंथाचं नुकसान करतो, असंही तो बजावतो. पुढे मनुस्मृतीत येईपर्यंत हा शब्द पाखंड्यांना नगरातून हाकलून द्यावं, असं सांगण्यापर्यंत उतरला. आज तो निव्वळ शिवी आहे. निंदा करू नका असं सांगण्यासाठी जो शब्द दगडावर कोरला, त्याच शब्दाने आपण निंदा करतो.

तिसरा शब्द आपल्या स्वतःच्या घरातला आहे, म्हणून तो लिहिताना मला जास्त जड जातं. ‘परूशी’. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवत आले, परूशी म्हणजे ढोंगी लोक. नाटुकल्यात परूशाचं काम करणाऱ्या मुलाला लांब दाढी लावायची, नाक वर करून चालायला सांगायचं आणि सगळ्यांनी हसायचं.

परूशी या नावाचा मूळ हिब्रू अर्थ ‘वेगळे झालेले’. जोसेफस हा यहुदी इतिहासकार त्यांची संख्या सहा हजारांहून अधिक देतो. देवाचा नियम फक्त मंदिरातल्या याजकांपुरता नाही, तो साध्या माणसाच्या स्वयंपाकघरात आणि जेवणाच्या पाटावरही पाळायचा, असा त्यांचा ध्यास होता. प्रभू येशूचा त्यांच्याशी वाद झाला, तो कडाक्याचा झाला, हे शुभवर्तमान स्पष्ट सांगतं. पण तेच शास्त्र आणखीही काही सांगतं. हेरोद तुझ्या जिवावर उठला आहे, इथून निघून जा, असा निरोप लूकच्या तेराव्या अध्यायात परूशीच घेऊन येतात. न्यायसभेत प्रेषितांची बाजू घेऊन गमलिएल उभा राहतो, तो परूशी. प्रभूच्या देहासाठी सुगंधी द्रव्यं आणणारा निकदेम परूशी. पौल तर ख्रिस्ताचा प्रेषित झाल्यावरही ‘मी परूशी आहे’ असं भर सभेत सांगतो.

आणि ढोंगाची चीड काय एकट्या ख्रिस्ती लोकांना होती? यहुदी गुरुजनांच्या तालमूद ग्रंथात परूशांचे सात प्रकार सांगितले आहेत, त्यातले बरेचसे थट्टेचे आहेत. एक जण आपली सत्कर्मं लोकांना दिसावीत म्हणून जणू खांद्यावर वाहून नेतो. दुसरा परस्त्री नजरेस पडू नये म्हणून डोळे मिटून चालतो आणि भिंतीवर आपटून रक्तबंबाळ होतो. त्याच यादीत केवळ देवावरच्या प्रेमापोटी वागणाराही एक आहे. म्हणजे आपल्यातलं ढोंग ते स्वतःच ओळखत होते आणि त्यावर स्वतःच हसत होते. आपण मात्र घरातल्या माणसांनी केलेली कानउघाडणी उचलली आणि शेजाऱ्याला मारायचा दगड केला. त्या दगडाने युरोपात शतकानुशतकं यहुदी माणसं जखमी झाली. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात यहुदी लोकांविषयीच्या द्वेषाचा धिक्कार केला. मे २०१९ मध्ये रोममध्ये परूशांवर अभ्यासकांची एक परिषद भरली, तेव्हा पोप फ्रान्सिस यांनीही परूशी म्हणजे ढोंगी या ठोकळेबाज समजुतीविरुद्ध सावध केलं.

मानभाव, पासंड, परूशी. तिन्ही मुळात माणसांच्या धर्मजीवनाचे शब्द, आणि तिन्ही शिव्या झाले. ढोंगाला नाव द्यायची वेळ आली की माणूस दुसऱ्याच्या वस्तीत जाऊन नाव शोधून आणतो. आपल्या वस्तीत ते सापडेल असं त्याला वाटतच नाही.

मग प्रभूचा शब्द कोणता? आपल्या मराठी बायबलात ‘ढोंगी’ आहे. मूळ ग्रीक शुभवर्तमानात तिथे ‘हुपोक्रितेस’ आहे, आणि हा शब्द कुठल्याही जमातीचा नव्हे. तो नाटकाचा आहे. हुपोक्रितेस म्हणजे नट. अथेन्सच्या रंगभूमीवर मुखवटा चढवून जो दुसऱ्याचं पात्र उभं करतो तो. त्यात काही वाईट नव्हतं. डेमोस्थेनिस हा नामांकित वक्ता एका नटाकडून सादरीकरण शिकला, असं सांगतात. आपल्याकडे दशावतारात किंवा तमाशात सोंग आणणाऱ्याला कुणी खोटारडा म्हणत नाही, तसंच ते. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, हे आपण हसत हसत म्हणतोच.

मत्तयाच्या सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच या नाट्यगृहाचा वास येतो. लोकांनी ‘पाहावं’ म्हणून धर्माचरण करू नका, असं प्रभू बजावतो. तिथलं ‘पाहणं’ आणि ग्रीकातला नाट्यगृहाचा शब्द एकाच धातूचे. ढोंगी लोक उपवासात तोंड उतरवून बसतात, असं तो सांगतो, आणि ग्रीकात ‘तोंड’ आणि ‘मुखवटा’ यांना एकच शब्द चालतो. त्यांना त्यांचं फळ मिळून चुकलं, असं जे तो म्हणतो, तिथलं क्रियापद त्या काळी पैसे पोचल्याच्या पावतीवर लिहीत. टाळ्या वाजल्या, पावती फाडली, हिशेब मिटला. देवाकडे आता काही येणं नाही.

मुखवटा कुणीही चढवू शकतो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात दुसऱ्या अध्यायात पौल एक प्रसंग सांगतो. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय बांधवांबरोबर एका पंक्तीला जेवत होता. यरुशलेमहून याकोबाकडची माणसं आली तसा तो भिऊन मागे सरला आणि वेगळा बसू लागला. बाकीचे यहुदी ख्रिस्तीही तसेच वागले, बर्णबासुद्धा त्या ओघात वाहून गेला. पौल त्याला नाव देतो ते हेच, ढोंग. ज्याच्या खडकावर मंडळी उभारली तो पेत्र आणि दिलासा देणारा म्हणून प्रेषितांनी ज्याचं नाव ठेवलं तो बर्णबा. हे शास्त्रातून कुणी खोडून टाकलं नाही, यासाठी मी देवाचे आभार मानते.

आता मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट सांगते. मत्तयाच्या शुभवर्तमानात हा शब्द पहिल्यांदा कुठे कुठे येतो ते मी बोटं मोडून मोजलं. दानधर्माच्या वेळी एकदा, प्रार्थनेच्या वेळी एकदा, उपवासाच्या वेळी एकदा. हे तिन्ही राखेच्या बुधवारच्या वाचनात दरवर्षी आपण ऐकतो. तिन्ही वेळा प्रभू सांगतो की ‘त्यांच्यासारखे’ होऊ नका, म्हणून आपण निर्धास्त ऐकतो. ते कुणीतरी दुसरे. राखेच्या बुधवारचं वाचन तिथे संपतं. चौथी खेप त्याच डोंगरावरच्या प्रवचनात, पुढच्या म्हणजे सातव्या अध्यायाच्या आरंभी आहे. भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला निघालेल्या आणि स्वतःच्या डोळ्यात मुसळ असलेल्या माणसाला प्रभू थेट हाक मारतो, अरे ढोंग्या. इथे ‘ते’ गेले आणि ‘तू’ आला. जो दुसऱ्याला ढोंगी ठरवायला बसला आहे, त्यालाच.

त्या ओटल्यावर डाळ मोजत मी नेमकी तिथे बसले होते. त्या बाई का आल्या नाहीत हे मला माहीत नव्हतं. त्यांच्या गोड बोलण्यामागे काय आहे तेही माहीत नव्हतं. प्रभूला अंतःकरण दिसत होतं, म्हणून तो शब्द त्याच्या तोंडी शोभला. मला दिसली ती फक्त एक रिकामी खुर्ची.

आणि माझं मुसळ? दुसऱ्या दिवशी कपाळावर राख घेऊन आम्ही पिशव्या वाटल्या. प्रत्येक पिशवीबरोबर फोटो. देणगीदारांना दाखवायला हवेत म्हणून. एक आजोबा पिशवी छातीशी धरून कॅमेऱ्यासमोर उभे होते. मला वाटलं उन्हाने डोळे मिचकावताहेत. मग त्यांनी हळूच विचारलं, “फोटो झाला ना? जाऊ आता?” संध्याकाळी ते फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर गेले, अंगठे आले, फुलं आली. पावती फाटली. कर्णा वाजवायला आता बाजारात उभं राहावं लागत नाही, एवढाच काय तो फरक. त्या फोटोंत मीही होते, आणि कोणता चांगला आला ते मी पाहिलंही होतं.

यंदा पॅरिशच्या बैठकीत मी हा विषय काढला. देणगीदारांना हिशेब हवा, हे कुणीतरी म्हणालं आणि ते रास्तच होतं. शेवटी ठरलं की भरलेल्या पिशव्यांचा फोटो काढायचा, वाण्याचं बिल जोडायचं, पण घेणाऱ्याचा चेहरा कुठेही जाणार नाही. देणारीचाही नाही.

काकू यंदाही आल्या, सुतळीचा गुंडा घेऊन. त्या बाईंना मी स्वतः फोन केला, “ताई, याल का?” त्या आल्या, आणि चार तास बसल्या. बोलणं अजून तसंच गोड आहे. बहुतेक ते गोडच असावं.

‘मानभावी’ हा शब्द मी सोडला आहे. जुनी सवय आहे, ओठांवर येतो, तेव्हा सुतळी बांधणारे ते हात आठवतात आणि मी थांबते. तुमच्याही घरात असा एखादा शब्द असेल, कुणाच्या तरी जातीचा, गावाचा, पंथाचा, जो आपण रागाच्या भरात सहज फेकतो. या प्रायश्चित्तकाळात मांस सोडाल, गोड सोडाल, त्याबरोबर तो एक शब्दही सोडून पाहा.

हे प्रभू, तू गुप्तपणे पाहणारा आहेस. आमचे मुखवटे तुला ठाऊक आहेत आणि त्यांच्यामागचे घाबरलेले चेहरेही. दुसऱ्याचं मन वाचायचा आमचा हव्यास काढून घे. आमचं स्वतःचं मन तुझ्यापुढे उघडायचं धैर्य दे. आमेन.